काकांनी उजळलेली बाटली

रविवारी सून जागी झाली तेव्हा तिला आधी काय वाटलं असेल, तर भीती. झोप पूर्ण झाली होती ना! पिल्लू जन्मल्यापासून या बाईला झोपेतून कुणीतरी सतत अर्ध्यात ओढून काढायचं, आणि आज बघते तर ऊन थेट पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलेलं, खालच्या रस्त्यावर गाड्या सुरू झालेल्या, आणि घरात रडणं नाही, काही नाही. पाळणा रिकामा. ती केस न बांधता तशीच बाहेर धावली, तर थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, पिल्लू तिच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेलं, हनुवटीवर दुधाचा वाळलेला ओघळ. थोरलीनं नुसती खूण केली. दूध झालंय, ढेकर झालाय, तू जा, चहा घे.

थोरली म्हणजे तिची सासू. आणि या दोघी गेला आठवडाभर एकमेकींशी फक्त भांडी आपटून बोलत होत्या, त्यामुळे हा चहा म्हणजे तहच होता. सुनेला खरंच भरून आलं. माणूस फार दमलेला असला की कुणी साधं बरं वागलं तरी पुरतं. उद्यापासून तिला छापखान्यात परत कामावर जायचं होतं, सुट्टी संपली होती, आणि पिल्लाला दिवसभर कुणाच्या हातात द्यायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. म्हणजे घरात माणसं होती. काकांचं चष्म्याचं दुकान खाली, घर वर, ते दिवसभर खाली, थोरली वर. पण सुनेची खात्री पटत नव्हती. आज दुपारी सगळ्यांनी बसून काय ते ठरवायचं होतं.

भांडण बाटलीवरून होतं. अंगावरचं दूध पिल्लाला पहिल्यापासूनच पुरत नव्हतं, म्हणून पावडरचं सुरू केलेलं. आधी काचेची बाटली होती. ती थोरलीच्या साबणाच्या हातातून मोरीत पडली, फुटली, बोट चांगलंच कापलं, आणि त्या दिवसापासून काचेला या घरात बंदी. मग दादानं प्लास्टिकच्या आणल्या. दादा म्हणजे सुनेचा नवरा, पाण्याचे पंप बसवतो, आणि जिथे भांडण असेल तिथून पाना घेऊन बाहेर पडतो. त्या बाटल्या दुधी रंगाच्या, जरा मऊ. झालं, त्या घरात आल्या आणि छोटी सुरू झाली. छोटी दादाची बहीण, कॉलेजात जाते, आणि मोबाइलमध्ये जे वाचेल ते जेवणाच्या ताटावर वाचून दाखवते. गरम पाणी घातलं की प्लास्टिकचे कण सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पोटात जातात. थोरली म्हणाली, डोळ्यांना दिसत नाहीत तर तुला कसे दिसले? असं रोज. सकाळ, संध्याकाळ.

शेवटी पिल्लाचं वजन करायच्या दिवशी अख्खं घर दवाखान्यात गेलं आणि सुनेनं नर्सलाच विचारलं. नर्सच्या मागे रांग लागलेली, तिनं एका दमात सांगून टाकलं. काचेची वापरलीत तर उत्तम, नाहीतर ही नवी दुधी जातीची चालते. उकळतं पाणी थेट बाटलीत ओतून खळखळवू नका, दूध स्टीलच्या भांड्यात कालवा, कोमट झालं की मग बाटलीत घाला. आणि बाटलीला चरे पडले, ती धुरकट झाली, की टाकून द्या. जुन्या काळच्या काचेसारख्या दिसणाऱ्या कडक प्लास्टिकच्या तर घरात असतील तरी वापरू नका, गरम झाल्या की त्यातलं एक रसायन दुधात उतरतं.

आता गंमत बघा. एकाच बाईनं एकाच वेळी सांगितलं, आणि पाचही जण वेगवेगळं ऐकून घरी आले. थोरलीनं ऐकलं, प्लास्टिक चालतं. छोटीनं ऐकलं, रसायन उतरतं. दादानं ऐकलं, स्टीलचं भांडं आणायचंय. सुनेनं सगळं ऐकलं आणि तिला ते सगळंच लक्षात ठेवायचं होतं, म्हणून ती आणखी दमली. आणि काकांनी ऐकलं, धुरकट असेल ती टाकून द्या.

काका म्हणजे थोरलीचे धाकटे दीर. चष्म्याचं दुकान त्यांचं. दादा-छोटीचे वडील गेल्यावर याच माणसानं लग्नबिग्न काही न करता दुकान आणि दोन पोरं दोन्ही सांभाळली. ते थोरलीला वहिनी म्हणतात, छोटी सुनेला वहिनी म्हणते, त्यामुळे घरात वहिनी अशी हाक आली की दोघी वळतात.

तर ही सून चहा घेऊन मोरीपाशी गेली. जाळीवर बाटली पालथी घातलेली होती. एकदम लख्ख. तिला वाटलं, काचेची? कुणी आणली? उचलली तर हलकी. प्लास्टिकच, पण इतकं नितळ की पलीकडचा नळ जसाच्या तसा दिसत होता. तिला बरं वाटलं, खरंच, काहीतरी नवं, स्वच्छ. आणि मग सवयीनं, नुसत्या सवयीनं, तिनं ती खिडकीत पांढऱ्या भिंतीसमोर धरली.

छापखान्यात तिचं काम रंग जुळवायचं. दिवसभर पांढऱ्या दिव्याखाली छापलेला कागद आणि नमुना शेजारी शेजारी धरायचे आणि गुलाबी केसभर नारिंगीकडे गेला तरी मशीन थांबवायचं. तिथली माणसं तिला चेटकीण म्हणतात. तर त्या पांढऱ्या भिंतीसमोर तिला बाटलीत पिवळा दिसला. किंचित. तुम्हा-आम्हाला दिसला नसता. जुन्या वॉर्निशमध्ये येतो तसला, वर्षं गेल्याशिवाय न येणारा.

चहा तसाच राहिला.

"आई," ती बाहेर येऊन म्हणाली, "सकाळचं दूध कशातून दिलंत?"

थोरली पिल्लाच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिनं ती बाटली सकाळी काकांच्या हातात बघितल्याबरोबर ओळखली होती. गळ्याशी जराशी वाकडी, तिच्यातून दादा प्यायला, तिच्यातून छोटी प्यायली. छोटीचे वडील गेले त्या वर्षी थोरली दोन-दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही, आणि हे भाऊजी खाली दुकानात एका हातानं गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघायचे आणि दुसऱ्या हातात ती बाटली. सकाळी ती त्यांच्या हातात परत दिसली, नव्यासारखी, आणि ते दारात असे उभे होते, शाळेत चित्राला बक्षीस मिळालेल्या पोरासारखे. थोरलीला त्या क्षणी नर्स आठवली होती. नाही असं नाही. पण पिल्लू रडत होतं, सून पहिल्यांदाच झोपली होती, आणि आठवडाभरात या घरात कुणी हसलं नव्हतं. विचारायची ताकद नव्हती. तिनं घेतली आणि दूध ओतलं.

"दूध कोमट करूनच घातलं होतं गं," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात काका पाव घेऊन जिना चढून आले. सुनेच्या हातात बाटली बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. कशी झालीय? ओळखू येतेय का? आणि मग ते सांगायलाच लागले, पाव हातातच. दादानं आणलेल्या बाटल्या त्यांना पहिल्यापासून पटल्याच नव्हत्या. दुकानात बसून आयुष्यभर त्यांनी एकच केलेलं, वस्तू उजेडात धरायची आणि आरपार बघायचं. जिथे धुरकट, तिथे खोट. आणि या नव्या बाटल्या तर जन्मापासूनच धुरकट. नर्सबाई म्हणतात धुरकट टाका, आणि हा गाढव धुरकटच विकत आणतो. म्हणून त्यांनी कपाटातली जुनी काढली. ती पण चऱ्यांनी पांढरी झालेली होती, पण तिचा माल अस्सल, चष्म्याची भिंगं बनतात तो माल. काठीला नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, गुंडाळला, काच चमकवायची बारीक भुकटी लावली, आणि भिंगं घासायच्या चाकावर धरून आतून-बाहेरून उजळली. दोन संध्याकाळी बसले होते. मग धुतली, उकळली, परत धुतली.

"आता शोधून दाखव," ते म्हणाले. "एक चरा दाखव मला."

छोटी दारात येऊन उभी राहिली होती, मोबाइल हातात, पण वाचत नव्हती. सून हळूच म्हणाली, काका, ही तीच. ती जुनी कडक जात. नर्स हिचंच तर सांगत होती. चरे गेले म्हणून आतला माल बदलला का? आणि ती भुकटी? काका म्हणाले, भुकटी धुवून निघते, रोज चष्मे धुतो मी. पण आतल्या मालाचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, ते पाव कुठे ठेवावा ते शोधायला लागले.

आणि मग दादा. दादा, जो कधी कुणाची बाजू घेत नाही, जो आईसमोर मान वर करत नाही, तो आतल्या खोलीतून आला, सगळं ऐकलेलं होतं त्यानं, आणि काकांना म्हणाला, "तुम्हाला सांगितलं कुणी होतं?" मोठ्यानंही नाही बोलला. म्हणाला, घरात एवढं चाललंय, बायको माझी रात्रंदिवस जागतेय, आणि तुम्ही खाली बसून भंगार उजळताय. माझं पोर आहे ते, तुमचं गिऱ्हाईक नाही.

छोटीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. आठवडाभर हीच ओरडत होती रसायन रसायन म्हणून. पण ती तडक जाऊन काकांच्या बाजूला उभी राहिली. दादाला म्हणाली, त्याच भंगारातून तू प्यायलास, म्हणून एवढा घोडा झालास, नीट बोल. दादा म्हणाला, आता तुझे कण कुठे गेले? ती म्हणाली, कण आहेतच, पण काकांशी असं बोलायचं नाही. दोघं लहानपणी भांडायची तशी भांडायला लागली, आणि काका मधे असे उभे, की जणू त्यांच्याबद्दल चाललेलंच नाही.

"दूध मी दिलं," थोरली म्हणाली. "बाटली कोणती आहे ते मला माहीत होतं. त्यांना काय बोलता? मला बोला."

सून सासूकडे बघतच राहिली. म्हणजे हिला माहीत होतं. म्हणजे आपण जी झोप झोपलो, सगळ्यात गोड झोप, ती यावर. तिला राग यायला हवा होता, पण रागाला पण अंगात काहीतरी लागतं. ती खाली बसली आणि दवाखान्यात फोन लावला.

तीच नर्स होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एकदा पाजल्यानं काही होत नाही, घाबरू नका, ही रोज रोज वर्षभर वापरायची गोष्ट नाही म्हणून आम्ही सांगतो. बाळ उलट्या करायला लागलं किंवा काही वेगळं वाटलं तर घेऊन या. बाटली टाका. आणि मग जरा थांबून म्हणाली, उजळली म्हणजे नक्की काय केलं? सुनेनं सांगितलं. पलीकडून नर्सला हसू आवरलं नाही, आणि इकडे सून पण हसली, डोळे पुसत.

पण ठरवायचं ते राहिलंच होतं. दादा म्हणाला, आता बसून ठरवण्यासारखं काही नाही, कोपऱ्यावरच्या पाळणाघरात विचारतो, जागा आहे तिथे. थोरलीनं पिल्लाला पाळण्यात ठेवलं. ती हरलेली होती आणि तिला ते कळलं होतं. छोटी रडत आत गेली. सगळे सुनेकडे बघायला लागले, हो म्हण किंवा नाही म्हण. तिनं वळून बघितलं तर काका नव्हते. जिन्यावरून खाली चपलांचा आवाज गेला होता.

दुपारी ती पिल्लाला घेऊन खाली गेली. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आत चाकापाशी काका बसलेले, चाक बंद. समोर ती बाटली. टाकून द्यायला आणली होती आणि टाकवत नव्हती बहुतेक. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं. पिल्लू तिच्या मांडीवर तोंडात मूठ कोंबायच्या खटपटीत होतं.

काका म्हणाले, पाळणाघर बरोबर आहे. दादा म्हणतो ते बरोबर आहे. पूर्वी त्यांना कुणी विचारायचं नाही आणि तेही कुणाला विचारायचे नाहीत, वहिनी पडून असायच्या, पोरं रडायची, जे सुचेल ते करायचं, तशीच सवय लागली. आता कुणाला विचारायचं असतं हे लक्षातच येत नाही. आणि वर म्हणाले, "मला वाटलं, दिसत नाही म्हणजे गेलं."

सुनेला त्यांना बोलायचं होतं. सकाळपासून मनात वाक्यं तयार होती, चांगली टोकदार. पण ती समोर बघत होती ते हात, दोन संध्याकाळी काठीला नमदा गुंडाळून बाटलीत फिरवणारे. पाळणाघरातली बाई नर्सनं सांगितलं तेवढं करेल. कदाचित नीट करेल. कदाचित दहा पोरांत एखाद्या दिवशी नाही करणार, आणि ते कधीच कळणार नाही. इथे निदान कळलं.

"मी उद्या जाणार आहे," ती म्हणाली. "दूध तुम्ही द्यायचं. पण मला एक पाहिजे. वस्तू चांगली दिसावी म्हणून काही करायचं नाही. खराब झाली तर खराब राहू द्या आणि मला दाखवा. मी रागावले तरी दाखवा."

काकांनी लगेच हो म्हटलं नाही. ते म्हणाले, माझ्याच्यानं होईल की नाही बघावं लागेल. तिला ते आवडलं. मग वर येऊन तिनं त्यांच्याकडून एकदा सगळं करून घेतलं, पाणी उकळणं, स्टीलच्या भांड्यात कालवणं, थांबणं, मनगटावर थेंब टाकणं, दुधी बाटलीत ओतणं. थोरली बाजूला उभी राहून बघत होती आणि भांडं पुढे सरकवत होती. दादा रागानं पाना घेऊन बाहेर पडला, रविवारी कुणाचा पंप बिघडला होता देव जाणे. त्याचं तोंड पुढे आठवडाभर वाकडंच होतं, पण तो पाळणाघरात काही गेला नाही.

सोमवारी सकाळी सून तयार झाली. पदराला दुधाचा वास, डोळ्यांखाली काळं, डबा पिशवीत, बस सुटायला आलेली. पिल्लाचा पापा घेतला, थोरलीच्या हातात दिलं, दाराबाहेर पाय टाकला, तर मागून काका. हातात नवी बाटली, कालच डब्यातून काढलेली. दुकानातलं भिंग डोळ्याला लावलेलं.

"इथे एक चरा आहे," ते म्हणाले. "बघ. ब्रशचा असणार."

तिनं बघितलं. दिसेना. त्यांनी भिंग तिच्या डोळ्याला लावलं, बाटली उजेडात फिरवली, तेव्हा एक रेघ दिसली, कोळ्याच्या धाग्याहून बारीक. स्वतःच तर सांगितलं होतं, दाखवा म्हणून. म्हणाली, बरं, ही ठेवून द्या, दुसरी घ्या.

"दुसरी पण बघितली," काका म्हणाले. "तिला दोन आहेत. तिसरीला साच्यातलीच आहे, बनतानाची. पहाटेपासून बघतोय मी." त्यांच्या डोळ्याभोवती भिंगाच्या कडेचा लाल गोल उमटला होता. "सांग, कोणती देऊ?"

खाली रस्त्यावर बस आली, थांबली, तिचं दार उघडल्याचा आवाज आला. सून उंबऱ्यावर उभी. आत थोरलीच्या कडेवर पिल्लू कुरकुरायला लागलं होतं, भूक लागली होती त्याला. छापखान्यातही असंच असतं, दोन कागद कधी तंतोतंत एक येत नाहीत, कुठेतरी थांबून म्हणावंच लागतं, हा जाऊ दे.

"एक रेघवाली," ती म्हणाली. "आज ती द्या, काका. संध्याकाळी आले की परत दाखवा."

आणि ती जिना उतरली.